परतीची वाट सातपुड्यातून

महाराष्ट्राबाहेर दोन-तीन पिढ्या स्थिरावलेल्या मराठी घरांत प्रवासाची एक ठरावीक रीत असते. दिवाळीला, लग्नकार्याला किंवा कुलदैवताच्या दर्शनाला ‘गावाकडे’ निघायचे, म्हणजे आठ-आठ दिवस आधी तयारी चालते. दशम्या होतात, चिवडा होतो, कोणासाठी काय न्यायचे याच्या याद्या होतात आणि वाटेतले प्रत्येक स्थानक मुलांना बोट दाखवून सांगितले जाते. परतीच्या प्रवासाला मात्र ही शोभा नसते. सुटी संपलेली, पैसे संपलेले, निरोपाचे डोळे पुसून झालेले. मग गाडीत बसल्याबरोबर एकच घोष सुरू होतो, ‘केव्हा एकदा घरी पोहोचतो!’ जाताना जी वाट उत्कंठेने भरलेली असते, तीच येताना नुसते अंतर होऊन बसते. किती किलोमीटर झाले आणि किती उरले, एवढाच काय तो तिच्याशी आपला संबंध.

आम्हां भोपाळकरांना तर नागपूर-भोपाळ हा रस्ता तळहातावरच्या रेषेसारखा पाठ. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार येथली मराठी घराणी होळकर-शिंदे-पवारांच्या काळापासूनची. भोपाळ हे नबाबी संस्थान, त्यामुळे येथील मराठी वस्ती पुष्कळशी अलीकडची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूर विदर्भाच्या आठ जिल्ह्यांसह द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. सचिवालयाच्या फायली नागपूरहून भोपाळला आल्या आणि त्यांच्यामागोमाग त्या फायली लिहिणारी माणसेही आली. माझे वडील त्यांपैकीच एक. त्या वेळी ते चोवीस वर्षांचे कनिष्ठ कारकून होते. तात्या टोपे नगरात, म्हणजे आमच्या नेहमीच्या बोलीत टी. टी. नगरात, त्यांना दोन खोल्यांचे सरकारी घर मिळाले. १९५९ मध्ये लग्न होऊन आई त्या घरात आली. ‘दोन-चार वर्षांनी बदली मागून नागपूरला परत जाऊ’, असे वडील तिला म्हणाले होते म्हणे. ती बदली त्यांनी कधीच मागितली नाही. आम्ही भावंडे येथेच जन्मलो, येथेच शिकलो, मी येथेच मास्तर झालो. तरी घरात ‘आपले घर’ म्हटले की वर्धा जिल्ह्यातले वडिलांचे मूळ गावच समजले जाई.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही त्या गावी गेलो, तो त्या घराचा निरोप घेण्यासाठीच. चुलतभावांपैकी तेथे आता कोणी राहत नाही. एक पुण्यात, एक नागपुरात, एक हैदराबादेस. माळवद गळत होते, मागची भिंत खचली होती. सर्वानुमते घर विकायचे ठरले आणि वडिलांच्या पश्चात आईची सही आवश्यक होती. पंच्याऐंशी वर्षांच्या आईने कचेरीत चष्मा पुसून, कागद वाचवून घेऊन, ठळक अक्षरांत सही केली. घर घेणाऱ्या गृहस्थांना तिने एकच विनंती केली. सासूबाईंच्या वेळचा काळ्या दगडाचा पाटा-वरवंटा तेवढा तिला हवा होता. त्यांनी तो आनंदाने दिला, स्वतः उचलून मोटारीच्या मागच्या डिकीत ठेवला. त्यानंतर आई फारशी बोलली नाही. परतीच्या सकाळी ती खिडकीशी बसली होती, परंतु बाहेर पाहत नव्हती.

सावनेरचा फाटा

नागपूरहून भोपाळला मोटारीने येणारा माणूस सहसा सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, इटारसी असा येतो. हमरस्ता चांगला आहे, अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आणि सकाळी निघालेला माणूस दुपारच्या चहाला घरी असतो. आम्हीही तसेच येणार होतो. सावनेरला चहाच्या टपरीवर थांबलो, तेव्हा समोरून आलेल्या एका ट्रकचालकाने सांगितले की पांढुर्ण्याच्या पुढे टँकर उलटला आहे, दोन्ही बाजूंना वाहनांची रांग लागली आहे आणि रस्ता मोकळा व्हायला संध्याकाळ होईल. सावनेरलाच दुसरा रस्ता फुटतो, तो सौंसरवरून छिंदवाड्याला जातो. मोटार चालवीत असलेल्या माझ्या मुलाने मोबाइलवरचा नकाशा पाहिला. ‘बाबा, छिंदवाडा-तामिया-पिपरियावरून गेलो तर पन्नासेक किलोमीटर जास्त पडतील, पण जाता येईल.’ सौ.ने रात्र होईल म्हणून थोडी कुरकुर केली. मुलगी मागे झोपलेलीच होती. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘मला काय, कुठूनही न्या.’

आम्ही उजवीकडे वळलो.

सातनूरजवळ महाराष्ट्राची हद्द संपते. संपते ती कागदोपत्री. दोन्ही बाजूंना तीच संत्र्यांची झाडे, तीच काळी माती, अंगणात तेच तुळशीवृंदावन. सौंसरच्या बाजारात मुलाने हिंदीतून रस्ता विचारला, तर उत्तर स्वच्छ मराठीतून आले. सौंसर आणि पांढुर्णा हा भाग १९५६ मध्ये मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा नावाचा स्वतंत्र जिल्हाही झाला. पण येथील घरांतली भाषा, लग्नातल्या रीती आणि पोळ्याचा उत्साह यांना कोणी नवा नकाशा दाखविलेला नाही. रस्त्याकडेच्या ढिगातून आम्ही दोन डझन संत्री घेतली. विकणारी बाई आईला म्हणाली, ‘माय, घरची आहेत, गोड निघतील.’ कचेरीतल्या सहीनंतर आईच्या चेहऱ्यावर हसू पहिल्यांदा दिसले ते तेव्हा.

रामाकोना मागे पडले आणि सिल्लेवानीचा घाट लागला. नागपूरची सपाटी येथे संपते आणि सातपुड्याची पहिली पायरी चढावी लागते. वळणावळणाचा रस्ता, दोहों बाजूंना सागाचे रान, दिवाळीनंतरचे गवत पिवळे पडू लागलेले. याच मुलखातून पूर्वी नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज गाडी धापा टाकीत जात असे. २०१५ मध्ये ती बंद झाली आणि तिच्या जागी आता मोठ्या रुळांची गाडी धावते. घाट चढून वर आले की छिंदवाड्याचे पठार लागते. तेथे त्या दिवसांत मक्याचे राज्य होते. कौलांवर, अंगणांत, पटांगणांत, एवढेच काय पण रस्त्याच्या कडेलाही, कणसे आणि दाणे वाळत घातलेले. मैलोगणती हळदीचा सडा घातल्यासारखे ते दिसत होते. आमची कन्या जागी झाली ती येथे, आणि नंतर भोपाळ येईपर्यंत झोपली नाही.

छिंदवाड्याच्या अलीकडे, मोहखेडच्या बाजूस देवगड आहे. तेथे जाण्याइतका वेळ आमच्याजवळ नव्हता, परंतु मुलांना मी त्याची हकिकत सांगितली. ज्या नागपूरला आपण भोसल्यांची नगरी म्हणून ओळखतो, ते मुळात देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, १७०२ मध्ये वसविले. रघूजी भोसले तेथे आले ते त्यानंतर. आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचे आमचे भोपाळ? दोस्त महंमद खानाच्या आधी तेथेही गोंडांचीच राणी कमलापती होती. भोपाळच्या हबीबगंज स्थानकाला २०२१ पासून तिचेच नाव आहे. तेव्हा ज्या दोन शहरांच्या मध्ये आम्ही साठ-पासष्ट वर्षे ये-जा करीत आहो, ती दोन्ही गोंडांच्या अंगणातली. आम्ही मधला मुलूख परका मानून डोळे मिटून ओलांडीत होतो.

तामियाची कड

छिंदवाड्याहून तामिया सुमारे पंचावन्न किलोमीटर. रस्ता शांत. अधूनमधून एखादी मोटारसायकल, डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका, शाळेतून परतणारी मुले. तोवर आम्ही हे एक वळसा घेतलेले गाव, असेच समजून चाललो होतो. तामियात सार्वजनिक बांधकाम खात्याचे जुने विश्रामगृह आहे. ‘पाच मिनिटे पाय मोकळे करू’ म्हणून मुलाने मोटार तिकडे घेतली. चार पावले चालून पुढे गेलो, आणि पायाखालची जमीन संपली.

समोर दरी होती. दरी म्हणण्यापेक्षा, एक सबंध जग खाली ठेवून दिले आहे असे वाटले. उभे कडे सरळ खाली उतरलेले, त्यांच्या पायथ्याशी रान, रानाच्या पलीकडे टेकड्यांची एक ओळ, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अधिक निळी. खालून कुठूनतरी गुरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज येत होता. आम्ही पाचही जण गप्प उभे राहिलो. सकाळपासून पाच-सहा वेळा ‘किती उरले?’ असे विचारणाऱ्या सौ.ने तेथे काही विचारले नाही.

येथून जवळच पाताळकोट आहे. सुमारे ७९ चौरस किलोमीटरचा हा खोलगट प्रदेश. सभोवार घोड्याच्या नालासारखे कडे, हजार-बाराशे फुटांहून अधिक खोल. तळाशी बारा गावे आणि त्यांत भारिया व गोंड लोकांची वस्ती. कोदो, कुटकी, मका ही तेथली शेती. महू, आवळा, हिरडा ही तेथली रानाची कमाई. पाताळकोटच्या भारियांना शासनाने विशेष मागास आदिम जमातींत गणले आहे. त्यांचे वनौषधींचे ज्ञान प्रसिद्ध आहे. दुधी नदी याच दरीत उगम पावते आणि उत्तरेला जाऊन नर्मदेला मिळते.

याच ठिकाणी भूगोलाच्या पुस्तकातला एक धडा डोळ्यांना दिसतो. आम्ही मागे टाकलेली जाम, कन्हान, कुलबेहरा ही सारी पाणी दक्षिणेला उतरणारी. ती वैनगंगेत जातात, वैनगंगा प्राणहितेत आणि प्राणहिता गोदावरीत. आणि तामियापलीकडची दुधी व देनवा ही पाणी उत्तरेला, नर्मदेकडे. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, पण अर्धा पूर्वसमुद्राला जातो व अर्धा पश्चिमसमुद्राला. दगडही येथे बदलतो. आपल्या दख्खनचा काळा कातळ या भागात मागे पडत जातो आणि पचमढीच्या डोंगरांचा तांबूस वालुकाश्म वर येतो. या वालुकाश्मासकट येथील कोळशाच्या थरांना भूशास्त्रात ‘गोंडवाना’ म्हणतात. ते नाव याच मुलखातल्या गोंडांवरून एकोणिसाव्या शतकात पडले, आणि पुढे दक्षिण गोलार्धातल्या एका सबंध प्राचीन भूखंडाला लागले. मी मुलांना हे सांगत होतो. मुलगी हसून म्हणाली, ‘म्हणजे आजीचा पाटा आता परदेशात आला!’

आईचे तिकडे लक्ष नव्हते. ती काठी टेकून कठड्याशी उभी होती आणि दूरच्या एका उंच सुळक्याकडे पाहत होती. शेजारी फुटाणे विकणारा एक माणूस होता. त्याला तिने विचारले, ‘भैया, वो कौनसा पहाड़ है?’

तो म्हणाला, ‘महादेव के पहाड़ हैं, माताजी. वो चौरागढ़.’

आईने काठी सौ.कडे दिली आणि दोन्ही हात जोडले. मग आमच्याकडे वळून म्हणाली, ‘माझे वडील येथे पायी आले होते.’

विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको, पण बडोद्याच्या किंवा दिल्लीच्या वाचकांसाठी सांगतो. पचमढीजवळचा चौरागड म्हणजे विदर्भाच्या खेड्यापाड्यांतला ‘मोठा महादेव’. महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. नवस फेडणारे भाविक खांद्यावर लोखंडी त्रिशूळ घेऊन, महादेवाची गाणी म्हणत, डोंगर चढतात. वर देवळाभोवती अशा हजारो त्रिशुळांचा ढीग आहे. नागपंचमीच्या सुमारास त्याच डोंगरांत नागद्वाराची यात्रा होते, तीही बहुतांशी विदर्भातल्या मराठी माणसांनीच भरते. आज एस.टी. आणि रेल्वे आहे. पूर्वी हे सर्व पायी होई.

माझे आजोळ काटोलच्या बाजूचे. आईच्या पाठीवर भाऊ व्हावा म्हणून तिच्या वडिलांनी मोठ्या महादेवाला त्रिशूळ बोलला होता. मुलगा झाला, तेव्हा ते गावातल्या सात-आठ जणांबरोबर निघाले. अनवाणी, खांद्यावर त्रिशूळ, कमरेला भाकरीचे फडके. आई तेव्हा सहा-सात वर्षांची. ‘महिना होत आला तरी परतले नाहीत,’ ती सांगू लागली, ‘आईनं रोज दिवा लावून ठेवायचा. आले तेव्हा पायांना चिंध्या बांधलेल्या. मला फुटाण्यांचा प्रसाद दिला, आणि म्हणाले, पोरी, देव लई उंच बसला आहे. पण वाटेतल्या माणसांनी उपाशी नाही ठेवलं. जंगलातली माणसं, आपली बोलीही नीट कळत नव्हती त्यांना, पण घरातली पेज अर्धी वाटून दिली.’

ही गोष्ट मी सत्तावन्न वर्षांत कधी ऐकली नव्हती. मी विचारले, ‘आई, हे तू कधी सांगितलं नाहीस?’

‘तो डोंगर कधी दिसलाच नाही,’ ती म्हणाली, ‘आपण तिकडून जातो ना नेहमी, गाडीनं.’

फुटाणेवाल्याने पैसे घेतले नाहीत असे काही घडले नाही. त्याने रीतसर दहा-दहा रुपयांचे पाच पुडे दिले. आईने मात्र त्यांतला एक न फोडता पदरात बांधून ठेवला.

देनवेपासून नर्मदेपर्यंत

तामिया सोडले की रस्ता जंगलात शिरतो. देलाखारीच्या आसपास झाडे बदललेली दिसतात. सागाची रुंद, खडबडीत पाने जाऊन सालवृक्षाची सरळ उंच खोडे आणि चकचकीत पाने येतात. मध्य भारतातल्या सालवृक्षाचा पश्चिमेकडे हा जवळजवळ अखेरचा मुक्काम. येथून पुढे पश्चिमेला रान मुख्यत्वे सागाचे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याच डोंगरांत भटकंती केली. मध्य भारतातील या डोंगराळ प्रदेशावरचे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. पचमढीला थंड हवेचे ठिकाण करण्याचे श्रेय त्याला देतात. आमच्या आजोबांसारखे यात्रेकरू मात्र त्या डोंगरांत कोणत्याही पुस्तकाच्या आधाराशिवाय जात-येत होते.

मटकुलीला देनवा नदी लागते. येथून एक फाटा पचमढीला चढतो. आम्ही सरळ पिपरियाकडे उतरलो. उतरता उतरता सूर्य डावीकडे, पचमढीच्या डोंगरांमागे गेला आणि त्या कड्यांच्या कडा क्षणभर तापलेल्या लोखंडासारख्या लाल झाल्या. मुलाने मोटार बाजूला उभी केली. या वेळी थांबण्याची सूचना सौ.ची होती.

पिपरियापासून नर्मदेच्या खोऱ्यातली सपाट, सुपीक जमीन. भात कापून झालेला, गव्हासाठी शेते तयार होत असलेली. सोहागपूर आले. येथली विड्याची पाने आणि मातीच्या सुरया नावाजलेल्या. आईसाठी एक सुरई घेतली, ती सबंध वाटभर तिने मांडीवर धरली. सोहागपूरच्या या पट्ट्याशी आमच्या टी. टी. नगराचे एक नाते आहे, ते किती भोपाळकरांना ठाऊक असेल कोण जाणे! १८५८ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस तात्या टोपे इंग्रजी सैन्याला हुलकावणी देत नर्मदा उतरले ते याच जिल्ह्यात, आणि सातपुड्याच्या रानांतून नोव्हेंबरात मुलताईकडे गेले. दख्खनेत पोहोचावे, नागपूरकडे उठाव व्हावा, ही त्यांची आशा होती. ती फळाला आली नाही. परंतु ज्यांच्या नावाच्या वसाहतीत आम्ही लहानाचे मोठे झालो, ते याच डोंगरांच्या आश्रयाने दिवस काढीत होते, हे त्या संध्याकाळी प्रथम मनाला भिडले. पाठ्यपुस्तकातून ते मी कित्येक वर्षे शिकवीत आलो आहे. पण नदी, डोंगर आणि त्यांमधले अंतर डोळ्यांनी पाहिल्यावर ती धावपळ किती जीवघेणी असेल याचा अंदाज येतो.

पुढे बाबई. २०२२ पासून त्याचे नाव माखननगर, कारण हिंदीचे थोर कवी माखनलाल चतुर्वेदी १८८९ मध्ये येथे जन्मले. त्याच वर्षी होशंगाबादचे नर्मदापुरम झाले. नर्मदेच्या पुलावर पोहोचलो तेव्हा काळोख पडला होता. मुलाने गती कमी केली. आईने काच खाली करायला लावली, पदराची गाठ सोडली, तामियाच्या फुटाण्यांचा पुडा उघडला आणि त्यांतले चार दाणे व एक रुपया नदीत टाकला. बाकीचे फुटाणे तिने आम्हां सर्वांच्या हातांवर ठेवले. वडिलांनी तिच्या हातावर ठेवले असतील, तसेच.

खिडकीतून पाहणारा माणूस

नर्मदा ओलांडली की बुधनी लागते. लाकडी रंगीत खेळण्यांचे हे गाव. तेथून विंध्याचा घाट, आणि घाटाच्या वर भीमबैठका. रात्र असल्यामुळे आम्हांला त्या टेकड्यांची आकृतीही दिसली नाही. तरी त्या काळोखातच मी मुलांना हरिभाऊंची आठवण सांगितली. कारण आमच्यासारख्या घरांना ही आठवण फार मोलाची आहे.

डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर, म्हणजेच हरिभाऊ, १९१९ मध्ये नीमच येथे जन्मले. उज्जैन ही त्यांची कर्मभूमी. महाराष्ट्राबाहेर वाढलेला, माळव्याच्या मातीत रुजलेला हा मराठी माणूस १९५७ मध्ये या लोहमार्गावरून प्रवास करीत असता खिडकीबाहेर पाहत होता. दूर टेकडीवर वेगळ्याच घडणीचे खडक त्याला दिसले. त्या खडकांवरून कित्येक गाड्या आणि कित्येक हजार उतारू त्याच्याआधी गेले होते. हरिभाऊंना त्यांकडे पाहून राहवले नाही. ते तेथे गेले, आणि मानवाच्या हाताने हजारो वर्षांपूर्वी रंगविलेले हरिण, गवे, शिकारी आणि नर्तक जगापुढे आले. पुढे सत्तरच्या दशकात त्यांनी, तसेच पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांनी तेथे उत्खनने केली. सातशेहून अधिक शैलाश्रयांचा हा समूह २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. हरिभाऊंना १९७५ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली, १९८८ मध्ये ते निवर्तले. त्याच टेकड्यांभोवतीचे रातापानीचे अरण्य डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले आणि त्याला हरिभाऊंचे नाव देण्यात आले.

हरिभाऊ विद्वान होते, चित्रकार होते, त्यांची नजर कसलेली होती. हे सर्व खरे. पण या शोधाची पहिली पायरी म्हणजे त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. हा मुलूख ‘मधला’ आहे, ‘वाटेतला’ आहे, असे त्यांनी मानले नाही. तो त्यांचा स्वतःचा होता.

मंडीदीपचे दिवे दिसू लागले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. नेहमीपेक्षा पाच-सहा तास उशीर. पण ‘केव्हा एकदा पोहोचतो’ हे वाक्य त्या दिवशी तामियानंतर कोणी उच्चारले नाही. आई बोलत होती. वडिलांच्या यात्रेची, आईने लावलेल्या दिव्याची, १९५९ मध्ये भोपाळच्या फलाटावर पहिल्यांदा उतरल्याची. सकाळी तिला घर सुटल्याचे दुःख होते. ते रात्रीपर्यंत नाहीसे झाले असे मी म्हणणार नाही. त्यानंतरही एखाद्या दुपारी ती त्या माळवदाविषयी बोलते. मात्र आमच्या बोलण्यात तेव्हापासून एक फरक पडला आहे. मुले आता ‘गाव सुटले’ असे म्हणत नाहीत. पणजोबा ज्या डोंगरापर्यंत चालत आले, तो डोंगर आपल्या घरापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे, असे ती सांगतात. येत्या शिवरात्रीच्या आधी आजीच्या वतीने तेथे एक लहानसा त्रिशूळ नेण्याचा त्यांचा बेत आहे.

वाचकांसाठी थोडेसे

ज्यांना ही वाट करायची असेल त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. नागपूर-छिंदवाडा सुमारे सव्वाशे किलोमीटर. सकाळी लवकर निघावे, म्हणजे तामियाला दुपार आणि पिपरियाला दिवसाउजेडी पोहोचता येते. तामिया-मटकुली हा टप्पा वळणांचा आणि जंगलाचा आहे. तो रात्री करू नये. वृद्ध माणसे बरोबर असतील तर मुळीच करू नये. पेट्रोल छिंदवाड्यातच भरून घ्यावे, कारण पुढे मोबाइलची रेंजही सर्वत्र मिळत नाही. पावसाळ्यात हिरवाई अपूर्व असते, पण धुके आणि दरडींची भीती असते. दिवाळीपासून फाल्गुनात पळस फुलेपर्यंतचा काळ उत्तम. पाताळकोटात उतरायचे असल्यास एक सबंध दिवस राखून ठेवावा, आणि तेथील वस्तीत पाहुण्यासारखे जावे. माणसांची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत. वाटेत घेण्याजोगे म्हणजे सौंसरची संत्री, सोहागपूरची सुरई आणि बुधनीची खेळणी. भीमबैठका मात्र उजेडात पाहावी. त्यासाठी वेगळा दिवस काढावा. भोपाळहून ती केवळ पंचेचाळीस किलोमीटर आहे.

आणि ज्यांचा रस्ता हा नाही, त्यांचा कोणतातरी रस्ता असेलच. बडोदे-सुरतेकडच्या घरांना नाशिकहून परतताना डांगचे अरण्य आहे; हैदराबादच्या घरांना नांदेडहून परतताना गोदावरीचे खोरे आहे; ग्वाल्हेरच्या घरांना विंध्य आणि माळवा दोन्ही ओलांडावे लागतात. पुढच्या सुटीत परत येताना एकदा हमरस्ता सोडून पाहावा. बरोबर घरातले सर्वांत वडील माणूस असावे, त्याला खिडकीची जागा द्यावी, आणि ते ‘थांबा’ म्हणेल तेथे मोटार थांबवावी.